सेंट एडिथची बुजवलेली फट

ही घटना यॉर्क शहरात गेल्या जानेवारीत, भरदिवसा घडली. ज्यांनी पाहिलं ते अजून तिथेच राहतात.

सेंट एडिथचं चर्च चौदाव्या शतकातलं, दोन दुकानांमध्ये दबलेलं. इझोल्ड नावाच्या बाईने त्याच्या उत्तर भिंतीला लागून एका कोठडीत स्वतःला चिणून घेतलं होतं. जन्मभर प्रार्थनेसाठी. कोठडी केव्हाच पडली.

उरली ती भिंतीतली फट. कोठडीत गुडघे टेकून तिला चर्चमधली वेदी दिसावी एवढी.

तिथून गार वारा यायचा. चर्चची व्यवस्था बघणाऱ्या विनिफ्रेडने गवंडी अँब्रोसला बोलावलं.

"चुना वापरू. सुकायला वसंत उजाडेल, पण जुनी भिंत श्वास घेते, बाई."

"भिंतीचे लाड पुरेत. इथे माणसं खोकतायत. सिमेंट भर."

"पाद्रीबाईंना विचारलंत?"

"चाव्या माझ्याकडे असतात, अँब्रोस."

फट बुजली.

पुढच्या रविवारी दुपारी ती एकटीच मेणबत्त्या विझवत होती. तेवढ्यात...

घरघर.

भिंतीवर ओल आली होती. गुडघे टेकलेल्या माणसाचं तोंड येईल, बरोबर तिथे.

तिने कान लावला. आत कुणीतरी श्वास घेत होतं. तोकडा... पुरवून पुरवून घेतलेला.

सांगावं तर चाव्या जाणार. ती गप्प राहिली. रोज ऐकायची, रोज गप्प राहायची.

आणि एक दिवस आवाज थांबला.

तशीच धावत ती पाद्रीबाईंकडे गेली. सगळं सांगून टाकलं.

अँब्रोसने सिमेंट फोडलं. मागे पोकळी, तिच्यापलीकडे गल्ली, तळलेल्या माशांसाठी उभी रांग. त्याने आतल्या बाजूचा तुकडा उलटा केला.

नखांचे ओरखडे.

"सिमेंट ओलं असतानाच उठलेत हे, बाई," तो हळूच म्हणाला.

पाद्रीबाई रागावल्या नाहीत. "चाव्या असू देत तुझ्याकडेच," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर विनिफ्रेडला बरं वाटलं असतं.

आता ती रोज फटीपाशी मेणबत्ती लावून बसते. ज्योत भिंतीकडे झुकते... मग तिच्याकडे. पुन्हा भिंतीकडे. बाहेर वारा नसला तरी.

एकदाच ती पुटपुटली, "माफ कर."

ज्योत सरळ झाली. हलेचना.

विनिफ्रेड वाट बघत राहिली. उत्तर द्यायला कुणीतरी श्वास रोखून धरलाय, असं तिला वाटलं.

उत्तर अजून आलेलं नाही.