बाटल्यांना लावलेलं कुंकू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वल्लरी नेहमीसारखी तळघरात नोंदी घ्यायला उतरली. अमेरिकेत ॲन आर्बर शहराबाहेर गिरीशकाकांची छोटी वायनरी होती. फ्रान्सच्या शांपेन प्रांतातल्या जुन्या पद्धतीने ते फेसाळती वाइन करत. तिथल्याच खडूच्या दगडात खोदलेल्या एका तळघरातून आणलेल्या, भोकं पाडलेल्या लाकडी घोडीत वल्लरीच्या साठ बाटल्या आडव्या खोचलेल्या होत्या. त्या दोन वर्षं अजिबात हलवायच्या नव्हत्या. यीस्टचा गाळ आत निवांत पडून राहिला, तरच तिची पीएचडी तडीस जाणार होती.

आदल्या दिवशी तिने घरच्या रीतीप्रमाणे कामाच्या वस्तू पुजल्या होत्या. प्रत्येक बाटलीच्या बुडावर, वरच्या कडेला, कुंकवाचं एकेक बोट लावलं होतं. आज ती साठही बोटं थोडी उजवीकडे सरकलेली होती.

"काका, माझ्या बाटल्यांना कोणी टच केलं?"

"किल्ली तुझ्याकडेच असते ना गं!"

तिसऱ्या दिवशी ती आणखी सरकली. चौथ्या दिवशी बाटल्यांची बुडं उचललेली, तोंडं खाली झुकलेली. वल्लरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुलूप बदलून ती भर दुपारी जिन्यातच खुर्ची टाकून बसली. खालून काचेचा हलका आवाज येतच राहिला... टक्... टक्... कोणीतरी मन लावून काम करत असावं तसा. ओल्या खडूचा वास पायऱ्या चढून वर आला.

तिने काकांना ओढतच खाली नेलं. कुंकू पाहून ते पांढरेफटक पडले.

"अगं, ही खूण का केलीस? तिकडे शांपेनमध्ये बुडावर खूण दिसली की फिरवणारा कामाला लागतो. रोज जरा फिरवायची, जरा उलटी करायची. गाळ गळ्याशी उतरला की बूच उडवून बाहेर काढायचा..."

"पण फिरवतंय कोण, काका?"

"आधी पूस ते..."

वल्लरीने पुसलं. चडफडत, सापडेल त्या भाषेत शिव्या घालत, तळहातांनी खसाखसा पुसलं. त्याच लाल हातांनी कपाळावरचा घाम टिपला.

आणि बाटल्या थांबल्या. गाळ अजून बुडाशीच होता, प्रयोग वाचला होता. वल्लरीला रडूच आलं. त्यानंतर आठवडाभर ती गाढ झोपली.

आठव्या सकाळी रूममेट नैनाने तिला हलवून उठवलं.

"यू ओके? तू रोज झोपेत थोडी थोडी वळतेयस, यार. आणि बेडची पायांकडची बाजू एवढी वर का केलीयस?"

वल्लरीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. गळ्याशी काहीतरी येऊन साचलं होतं.