शेळीपुढचा पाला

"रत्नाताई, लवकर या! आई घरी नाई. फाईल बी नाई!"

फोनवर रीना रडत होती. करडी गावच्या आशा सेविका रत्नमाला मेश्राम यांनी चहाचा घोट कसाबसा गिळला आणि चपला पायात अडकवल्या. सकाळचे सात वाजले होते. साडेनऊला नागपूरच्या दवाखान्याची गाडी येणार होती. रीनाच्या सासूला, पार्वताबाईला, गावातल्या तपासणी शिबिरात छातीचा कॅन्सर निघाला होता आणि उद्या ऑपरेशन होतं. ही तारीख हुकली की पुढची दोन महिन्यांनी. गाठ तोवर थांबते थोडीच!

शेजारच्या शकुनबाईच्या दाराला कुलूप होतं. दारातली शेळी हिरवा पाला ओढत होती. तिच्या बाजूनं वाट काढत रत्नमाला रीनाच्या अंगणात शिरली.

"शेवटचं कधी पायलं?"

"काल जेवताना. ह्यांनी सांगितलं, नागपूरले मशीनवर अंगठा घेतेत, फोटो काढतेत, मंगच आत घेतेत. आई ताटावरून उठूनच गेली."

"भेल्या होत्या?"

"लय. घासही पुरा केला नाई."

"दुखण्याच्या गोळ्या घेत होत्या ना?"

"पाकिटं तर संपली, ताई. पण मी त्यायले गोळी खाताना कधी पायलं नाई."

ओट्यावर पार्वताबाईचा मुलगा विनोद डोकं धरून बसला होता. महिन्याभरापूर्वी चौकात तो बोलून गेला होता, "सत्तरीच्या म्हातारीसाठी नागपूरचे किती खेटे घालू?" तोंडातून निघालेला शब्द आणि सुटलेला बैल, दोन्ही परत येत नाहीत. शेजारणी आता त्याच्याकडे बघून कुजबुजत होत्या.

"विनोद, खरं सांग. रात्री भांडलास?"

"नाई जी! मी तर सुट्टी काढली. सोबत येतो म्हणालो. त्यानंच तर ती जास्त घाबरली."

"सोबत येतो म्हटल्यावर माय काऊन घाबरंल?"

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "तळ्याकडे तर नाई गेली?"

अर्धं गाव तळ्याच्या पाळीकडे, बांधावर धावलं. तळं काठोकाठ भरलेलं. माणसं बांबूनं पाणी चाचपत होती आणि दर वेळी बांबू कशाला अडला की रत्नमाला काठाशी वाकून बघत होती. शिबिराला बायकांना घरोघरी जाऊन तीच बोलावून आली होती. त्यातली एक आता पाण्यात सापडली तर? तिला तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती.

शेजारच्या बांधीत भाताच्या रोपांची रोवणी सुरू होती. रोवणाऱ्या चंद्रकलाबाईनं कंबर सरळ केली.

"पार्वताबाई कायले जीव देईल वो? परवा तर आमच्यासंगं दिवसभर रोवली. डाव्या हातात परह्याची पेंडी, उजव्यानं रोवणं. जवान पोरींच्या पुढे!"

"डाव्या हातात?"

"मंग? साऱ्याच तशा धरतेत. अवंदा शकुनच नाई आली. तिच्याशिवाय रोवणीत गाणंच नाई."

रत्नमाला जागच्या जागी उभी राहिली. फाईलमधला कागद तिनं स्वतः वाचला होता. गाठ डाव्या बाजूला, काखेत तुकडा तपासायला काढल्याचे टाके, डावा हात उचलत नाही. मग तोच हात चिखलात दिवसभर पेंडी धरून कसा राहिला?

ती परत फिरली. रीना मागून धावत आली.

"शकुनमावशी कुठे आहे?"

"तीन दिवस झाले, मोहाडीले भाच्याकडे गेली. आईच सांगत होती."

"तिचं मोफत उपचाराच्या योजनेचं कार्ड अजून निघालं नाई ना?"

"कुठलं कार्ड? चाळीस वर्षं बिड्या वळल्या तिनं. बोटं गुळगुळीत झाली, मशीन अंगठाच घेत नाई. चार खेपा मारल्या, मंग सोडून देलं."

शिबिराचा दिवस तिला आठवला. एकशे चाळीस बायका, एकटी लिहिणारी. मान वर करायला फुरसत नव्हती. आणि समोर बसलेल्या बायका तरी कुठे तोंड दाखवत होत्या? गाठ दाखवायला आलेली बाई पदर नाकापर्यंत ओढूनच बसते, ही इकडची रीत.

कुलूप तसंच होतं. शेळीपुढचा पाला मात्र ताजा, अजून ओला होता.

"तीन दिवस घरी नसलेल्या बाईच्या शेळीले सकाळी पाला कोणं टाकला, रीना?"

मागच्या दारावर तिनं हलकेच थाप दिली. "मावशी, मी रत्ना. पोलीस नाई, कोणी नाई. दार उघडा."

मग कडी वाजली.

दारात पार्वताबाई उभी होती, धडधाकट, पोटाशी फाईल धरून. मागे खाटेवर शकुनबाई पडली होती. डावा हात उशीवर ठेवलेला, चेहरा पांढरा. उशाशी गोळ्यांची रिकामी पाकिटं.

रीनानं धावत जाऊन विनोदला आणलं. आईला पाहून तो लहान मुलासारखा रडला आणि मग चिडला. "हे काय करून ठेवलं, आई?"

"तिले नको विचारू," रत्नमाला म्हणाली. "मी सांगतो. दुखणं शकुनमावशीचं. कार्ड तुझ्या आईचं. शिबिरात गाठ दाखवायले शकुनमावशी गेली, पण नाव पार्वताबाईचं लागलं. म्हणून तुझ्या आईनं कधी गोळी खाल्ली नाई, गोळ्या इथे येत होत्या. म्हणून तिनं रोवणी केली आणि शकुनमावशीनं नाई. गाडीत शकुनमावशीच बसणार होती, म्हणून ती मोहाडीले गेली असं सांगितलं. काल तू मशीनचं सांगितलं, सोबत येतो म्हणालास, तेव्हा दोघींले समजलं की आता पकडल्या जाऊ."

"जेल होते म्हणतेत," पार्वताबाई पुटपुटली. "मी म्हटलं, गाडी निघून जाऊ दे. पण गाडी गेली तर हे शकुन मरते. मले काईच सुचून नाई रायलं, पोरी."

"पण हे नाव बदलायचं सुचलं कोणाले?" विनोदनं विचारलं. "दोष कोणाचा?"

दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. रत्नमालानं पिशवीतून शिबिराची वही काढली.

"माझा," ती म्हणाली. "त्या दिवशी शकुनमावशी आधी स्वतःच्याच नावानं आली होती. मी म्हटलं, कार्ड नाई तर तपासणी नाई, बाजूले व्हा. तासाभरानं तीच बाई पदर ओढून, दुसरं कार्ड घेऊन परत आली. मी मान वर न करता नाव लिहिलं. एकदा तोंडाकडे पायलं असतं तरी ओळखली असती. वीस वर्षांपासून ओळखतो मी तिले."

तिनं तिथूनच नागपूरला फोन लावला. पलीकडच्या सिस्टर आधी चिडल्या, मग त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पेशंटला आणा, म्हणाल्या. तपासणी पुन्हा होईल, तारखेचं मोठ्या डॉक्टरांना विचारते. आणि अंगठा उठत नसेल तर डोळ्यांच्या मशीनवर कार्ड निघतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?

कुणीच सांगितलं नव्हतं. आशाताईंनाही नाही.

साडेनऊला गाडी आली. ड्रायव्हरनं यादी वाचली. "पार्वताबाई कोण?"

"ते नाव चुकलं," रत्नमाला म्हणाली. "मी लिहिलं होतं. मी येतो सोबत सांगायले."

"तुझं काम जाईल, पोरी," शकुनबाई म्हणाली.

"जाईल तर जाईल. मलेही भेव वाटून रायलं, मावशी. पण तुम्ही चाला."

पार्वताबाई न विचारताच आत चढली आणि मैत्रिणीच्या उजव्या हाताशी बसली. रत्नमालानं वही मांडीवर उघडली, जुन्या नावावर रेघ मारली.

"नाव सांगा."

या वेळी ती मान वर करून बघत होती. शकुनबाईनं डोक्यावरचा पदर मागे सारला आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं.