लाल वाळूचा माग

“अजून पीळ,” भिंगरी म्हणाली.

लंबूने गवंड्याच्या ढिगातल्या चिमूटभर वाळूवर लिंबू पिळलं. काहीच झालं नाही. मग मावशीच्या स्वयंपाकघरातून झाडून आणलेल्या वाळूवर पिळलं. तिच्यात बारीक बुडबुडे उठले.

“घरातल्या वाळूत शिंपल्यांचा चुरा आहे, म्हणजे ती किनाऱ्यावरची. गवंडीकाकांची नदीतली,” भिंगरी म्हणाली.

“आणि काल आपण त्यांना दुकानासमोर, सगळ्यांदेखत चोर म्हणालो,” छोटू पुटपुटला.

तिघा भावंडांच्या माना खाली गेल्या. सुट्टीला मावशीकडे आल्यावर किनाऱ्यावरची वाळूची टेकडी खचलेली दिसली, अंगणात गवंड्याचा ढीग दिसला आणि त्यांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनीही, शहानिशा न करता अंगणातल्या भिंतीचं काम थांबवलं, गवंड्याला घरी पाठवलं. आता गावात त्याला कुणी काम देईना.

“मग टेकडी जाते कुठे?” लंबूने विचारलं.

“तिचाच माग काढू,” भिंगरी म्हणाली.

त्यांनी चित्रकलेचे रंग कालवून वाळू रंगवली, उन्हात वाळवली. निळी टेकडीच्या टोकाला वेलांच्या जाळीत टाकली, हिरवी पायथ्याशी आणि लाल त्यांच्या घसरगुंडीवर, म्हणजे गेल्या सुट्टीत ते फळीवर बसून घसरत त्या उतारावर. दुपारी वारा सुटला. निळी आणि हिरवी होती तिथेच राहिली. संध्याकाळी मावशी ओरडली, “दुधात हे लाल काय पडलंय?”

लाल म्हणजे घसरगुंडीवरची वाळू. फळीवरून घसरताना पायात येतात म्हणून तिथले वेल गेल्या सुट्टीत या तिघांनीच उपटले होते. उघडी पडलेली वाळू वाऱ्याने उडून घरात येत होती.

“म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा,” छोटू म्हणाला. एरवी हसले असते. आज भिंगरीला रडू आलं.

त्यांनी काकांना सगळं सांगितलं. “शाब्बास! काय डोकं चालवलंत!” काका म्हणाले आणि लगेच वरमले. “चूक माझीही आहे. मी तरी कुठे तपासलं?”

सगळे गवंड्याच्या घरी गेले. भिंगरी कशीबशी म्हणाली, “गवंडीकाका, चुकलं आमचं.”

गवंडी म्हणाला, “हुशार आहात, पोरांनो. माझं मन साफ आहे. पण चोर म्हणालात ते सगळ्या गावाने ऐकलं. हे कुणी ऐकलं?”

भिंगरी उठली आणि दुकानाकडे चालू लागली. लाजेने तिचे कान तापले होते. दुकानासमोर बरीच गर्दी होती. तिने घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली, “टेकडी आम्ही खचवली.”