नळीखालचं झाकण

मला तिखटमीठ लावून सांगायची खोड आहे, असं घरचे म्हणतात. खोटं कशाला बोलू, आहेच. पण यात चिमूटभरही लावलेलं नाही.

गेल्या वर्षीचा एक रविवार. भर दुपारचे तीन. तिसऱ्या मजल्यावरचा आमचा हॉल. मी तिथेच बसले होते.

माझे बाबा युद्धात रणगाड्यावर गनर, म्हणजे तोफ चालवणारे, होते. दिवाणाखालच्या लोखंडी पेटीत त्यांचा खजिना असायचा. एक फोटो, एक हातमोजा आणि तुटक्या वायरचा हेडफोन. इंजिनाच्या आवाजात शेजारच्याशीसुद्धा त्यातूनच बोलावं लागायचं म्हणे.

फोटोत रणगाडा, त्यावर बाबा, आणि पुढच्या झाकणातून डोकं काढून हसणारा ड्रायव्हर. सगळे त्याला बुटक्या म्हणायचे.

तोफेची नळी ड्रायव्हरच्या झाकणावर आली की ते आतून उघडत नाही. म्हणून रणगाडा पेटला तर गनरने आधी नळी बाजूला फिरवायची, मगच उडी मारायची. हा नियम मला शाळेतल्या पाढ्यांआधी पाठ होता.

"बुटक्याला गोळा थेट लागला," बाबा सांगायचे. "क्षणात गेला बिचारा."

त्या रविवारी बुटक्याची बायको आमच्याकडे आली. पहिल्यांदाच. शाळेचे गणवेश शिवून दोन मुलं वाढवलेली बाई. काकूंनी चहाला हातसुद्धा लावला नाही.

"भाऊजी, एकच विचारायचंय. त्यांना त्रास झाला का हो?"

"छे हो वहिनी! त्याला कळलंसुद्धा नाही."

तेवढ्यात...

ठक.

दिवाणाखालून.

ठक. ठक.

पेटीच्या आतून कुणीतरी मूठ आपटत होतं.

"उंदीर असेल," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी पेटी ओढली. उघडली. आवाज थांबला. फोटो वरच होता. रणगाडा होता, बाबा होते. पण...

हसणारं डोकं नव्हतं.

झाकण बंद होतं. नळी बरोबर त्याच्यावर.

काकूंनी फोटो पाहिला. तेवढ्यात हेडफोन खरखरला. मी तो उचलला. तुटकी वायर लोंबत होती, आणि आत कुणीतरी बोलत होतं...

काकूंनी तो माझ्या हातातून घेऊन कानाला लावला.

"हे त्यांचंच बोलणं," त्या म्हणाल्या. "नळी सरकव म्हणतायत."

मग त्या नुसत्या ऐकत राहिल्या. समोरच्या घड्याळात अकरा मिनिटं गेली.

"मी घाबरलो, वहिनी," बाबा पुटपुटले. "तो हाका मारत होता. मी उडी मारली."

काकू रडल्या नाहीत. उठल्या, हेडफोन बाबांच्या डोक्यावर चढवला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला.

बाबा किंचाळले. "काढ गं! पोरी, काढ!"

ते माझ्याकडेच बघत होते. मी जागची हलले नाही. भीतीने की चिडीने, ते मला अजून सांगता येत नाही.

हेडफोन काकू घेऊन गेल्या. पण बाबांना तो आवाज अजून ऐकू येतो. डॉक्टर म्हणतात, कान ठणठणीत आहेत. डोळा लागला तरच आवाज थांबतो, आणि डोळा काही लागत नाही. माणूस निम्मा झालाय.

काकूंचा दर आठवड्याला फोन येतो. अगदी मायेने विचारतात. जेवले का? झोपले का?

परवा दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा मी आनंदाने सांगितलं, "काकू, आज लागलीय झोप. महिन्यांनी!"



"उठव त्यांना," काकू म्हणाल्या.

मी नाही म्हणू शकले असते. त्या काही माझं वाकडं करणार नव्हत्या.

मी बाबांच्या खोलीत गेले आणि त्यांना हलवून उठवलं.