हाका मारणारा संगणक

ही हकीकत दुसऱ्या कोणी सांगितली असती, तर तिच्या चिंधड्या करणारा पहिला माणूस मीच असतो. पण ती माझ्यासमोर घडली. भर दुपारी, लुगांगच्या मागल्या गल्लीत, मेइ-युन मावशींच्या भरतकामाच्या कारखान्यात. चांद्र पंचांगाचा सातवा महिना होता. आमच्या तैवानात या महिन्यात मृतांना घरी यायला वाट मोकळी असते, आणि कोणी कोणाला पूर्ण नावाने हाक मारत नाही.

मावशींचे यजमान ज्वांग बो-हान त्याच वर्षी वारले होते. देवळातल्या वेदीच्या पडद्यासाठी त्यांनी काढलेली शेवटची नक्षी त्यांच्या जुन्या संगणकात होती.

ती काढून द्यायला मला बोलावले, तेव्हा त्याची डिस्क खरखरत होती. ती केव्हाही बंद पडली असती.

डिस्क काढून दुसरीकडे लावावी, असे वाचक म्हणतील. साफ चूक. ती एकदा थांबली असती, तर पुन्हा फिरली नसती. केबल लावायची तोंडे खाऱ्या वाऱ्याने गंजली होती. उरला मार्ग वाय-फायचा.

तोही अडला. नव्या राउटरचे एन्क्रिप्शन नव्या पद्धतीचे; या ऑपरेटिंग सिस्टिमला केवळ जुनी पद्धत ठाऊक. परवलीचा शब्द अचूक, तरी नकार. म्हणून जुनी पद्धत जाणणारा एक राउटर मी दुपारी जाऊन पिशवीत घालून आणला होता.

"सकाळपासून नुसतं टकटक चाललंय, मिस्त्री," मावशींच्या नणंद शु-फेन म्हणाल्या. "एवढ्यात मी हातानं पडदा भरला असता."

"वन्सं, तुमचे टाके बघून देव तोंड फिरवील," मावशी म्हणाल्या.

मी खुलासा केला. "टकटक डिस्कची आहे. सिस्टिम जुनी. आठवणीतल्या नेटवर्कना ती नावानं हाका मारत राहते. कोणी ओ देतंय का, बघते."

"कुठल्या नावानं?" मावशींनी विचारले.

यादीत एकच नाव होते. बो-हान यांनी आपल्या राउटरला दिलेले. त्यांचे स्वतःचे, पूर्ण. तो राउटर केव्हाच भंगारात गेला होता.

मी ते उच्चारले नाही. शु-फेननी स्क्रीनवर वाचले.

"म्हणजे हा डबा सकाळपासून दादाला बोलावतोय," त्या म्हणाल्या. सूर थट्टेचा उरला नव्हता.

आणि मग… पंख्याचा आवाज नाहीसा झाला. पाती फिरतच होती.

कोपऱ्यात अक्षरे उमटली.

'जोडले गेले.'

सिग्नल पूर्ण.

माझा राउटर अजून पिशवीतच होता. मी फोनवर शोधले. त्या नावाचे नेटवर्क कुठेही नव्हते.

मग… फोल्डरमधल्या नक्ष्यांच्या फाइली एकेक करून जाऊ लागल्या. मोर गेला. डाळिंब गेले. ढगांची किनार गेली. कोणीतरी त्या नेत होते. एन्क्रिप्शन कितीही जुने असो, दोन्ही बाजूंना एकच किल्ली, म्हणजे परवलीचा शब्द, लागते. आणि त्या जुन्या राउटरची किल्ली बो-हान यांनी कोणालाही सांगितली नव्हती.

माझा हात प्लगकडे गेला. मावशींनी मनगट धरले.

"बंद केलं तर?"

"उरलंय तेही जाईल."

"नाही केलं तर?"

मी हात मागे घेतला.

मावशी संगणकासमोर बसल्या. नाव त्यांनी घेतले नाही.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "बाकीचं तुमचंच आहे, न्या. देवाचा पडदा तेवढा ठेवा. मला भरायचाय तो."

एकच फाइल उरली.

ती तिथेच राहिली.

सिग्नल मात्र तसाच, पूर्ण.

"अजून इथंच आहे तो," शु-फेन कुजबुजल्या.

मावशी उठून दारात गेल्या. "निघा आता," त्या म्हणाल्या. "बाहेर ऊन आहे, सावलीनं जा."

आणि… सिग्नलची एक दांडी विझली. थोड्या वेळाने दुसरी. कोणी दाराबाहेर पडून सावकाश लांब जावे, तशा.

ती फाइल मी नंतर माझ्या राउटरवरून उतरवून घेतली. संध्याकाळी डिस्क थांबली, ती कायमची. पडदा आज वेदीवर आहे.

फाइली कोणी नेल्या, यावर मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला आहे. पण मला छळते ते वेगळेच. दांड्या विझत असताना मावशींची पाठ स्क्रीनकडे होती. गल्ली रिकामी होती. तरी त्यांची नजर भिंतीकडच्या सावलीतून हळूहळू पुढे सरकत गेली, आणि शेवटची दांडी विझली तेव्हाच, वळणावर, थांबली.

त्यांना काय दिसले, हे मी अजून विचारलेले नाही.