समपातळी

चौदा महिन्यांनी ताम्रवाडीत नळाला पुन्हा रोज पाणी येऊ लागलं, तेव्हा माणसं गल्लीत उतरून एकमेकांवर ओंजळी उडवत होती. भागवत बोराडे तेवढा आपल्या दारात उभा राहून आतल्या आत जळत होता. हे पाणी त्याच्या बायकोने आणि निळकंठ गावडेने मिळून आणलं होतं, आणि त्यातला 'मिळून' हा शब्दच त्याच्या घशाखाली उतरत नव्हता.

ताम्रवाडी ही मंगळावरची चाळीस हजारांची वस्ती, एका मोठ्या घुमटाखाली वसलेली. तिचा अध्यक्ष लोक थेट निवडत आणि सभाही थेट निवडत. गेल्या खेपेला त्यांनी दोन हातांनी दोन उलट कामं केली होती. अध्यक्ष निवडली ती घुमटवाल्यांची शालन बोराडे, आणि सभेत बहुमत दिलं विहीरवाल्यांना, म्हणून सभानायक झाला त्यांचा निळकंठ गावडे. घुमटवाले म्हणत, आधी घुमटाला दुसरा पदर चढवा, नाहीतर विहिरींच्या खोदकामाने तडे वाढतील. विहीरवाले म्हणत, पदर चढवायला माणसं जगायला हवीत ना? आधी खालच्या बर्फापर्यंत खणा. खरं दोघांचंही होतं. सभेने विधेयक पाठवायचं, शालनने परत करायचं. शालनने प्रस्ताव मांडायचा, सभेने पाडायचा. असं करता करता पाणी दिवसाआड अर्ध्या तासावर आलं, पण राखीव हौद उघडायलाही दोन सह्या लागत, आणि दुसरी सही कधी पडत नव्हती.

शेवटी घटनेतलं एकोणिसावं कलम बाहेर काढलं गेलं. कारभार वर्षाहून जास्त अडला, तर अध्यक्ष आणि सभानायक यांची मनसांधणी करावी, असं त्यात लिहिलं होतं. मनसांधणी म्हणजे दोघांच्या डोक्यांवर टोप चढवून त्यांच्या मेंदूंमधली ओढ, राग, खात्री यांची केंद्रं तीन तास एकमेकांना जोडायची. एकाला जे पोटातून वाटतं, ते दुसऱ्यालाही पोटातून वाटू लागतं. मग भांडण उरत नाही. नवरा म्हणून भागवतची संमती लागत होती. गावड्याच्या टाळक्यात थोडी अक्कल शिरेल म्हणून त्याने हसत हसत सही ठोकली होती.

सांधणी झाली, राखीव हौदावर दोन्ही सह्या पडल्या आणि नळ सुरू झाले. त्याला आता नऊ दिवस झाले होते. शालन विचारात पडली की उजव्या कानाची पाळी चोळत बसे. ही सवय गावडेची. चौदा महिने जो 'तो गावड्या' होता, तो आता 'निळकंठ' झाला होता. बातम्यांत दोघं शेजारी बसत. एकाने वाक्य सुरू करायचं आणि दुसऱ्याने संपवायचं. विनोद पुरा व्हायच्या आत दोघं हसायची. चौतीस वर्षांच्या संसारात भागवतचा एकही विनोद शालनला पुरा ऐकल्याशिवाय समजला नव्हता.

त्याने सरळ डॉ. झुलेखा तांबोळींची प्रयोगशाळा गाठली. सांधणी त्यांनीच केली होती.

"बाई, माझ्या बायकोत तुम्ही काय भरलंय?"

"बसा काका. तुमचं आयुष्य पंपांवर गेलं, तुम्हाला लगेच समजेल. दोन टाक्या आहेत. एक भरलेली, एक रिकामी. तळाशी नळी जोडली की काय होतं?"

"पातळी सारखी होते. ते शेंबड्या पोरालाही कळतं."

"तेच झालं. म्हणून आम्ही त्याला समपातळी म्हणतो. विहिरींची काळजी गावडेंकडून इकडे आली, घुमटाची तिकडे गेली."

भागवत पुढे सरकला. "आणि नॉन-रिटर्न झडप? ती कुठे बसवलीत?"

"झडप नाही बसवली."

"नाही? अहो, दोन हौद जोडताना नवशिक्या फिटरही झडप बसवतो! नाहीतर इकडचं तिकडे जातं!"

"झडप बसवली तर एकच बाजू जिंकेल. घटनेला ते चालत नाही." झुलेखांनी सांधणीची नोंद उघडली. "आम्ही विषय तेवढा घुमट आणि विहिरींचा धरला होता. पण मनाला तुमच्या टाकीसारख्या भिंती नसतात, काका. काही झिरपलं असेल. पंधरा दिवसांच्या आत उलटी सांधणी करता येते. आधीच्या पातळीची नोंद आहे आमच्याकडे. संमती तुमची होती, तशी हरकतही तुम्ही घेऊ शकता. पण मग सगळंच आधीसारखं होईल. भांडणसुद्धा."

भागवतने त्यातलं 'काही झिरपलं' एवढंच ऐकलं आणि दातओठ खात घरी आला.

तेराव्या दिवशी सकाळी गावडे मोठ्या विधेयकाचा मसुदा घेऊन घरी आला. पदरही होणार होता आणि विहिरीही, पाळीपाळीने. शालन आतल्या खोलीत कागद लावत होती. गावडे पन्नाशीचा, सडाफटिंग माणूस. त्याची चांगली खरडपट्टी काढायची म्हणून भागवत लंगडत उंबऱ्याशी आला.

"अहो," गावडे म्हणाला, "गुडघ्याचा पट्टा नाही बांधला आज?"

भागवत जागच्या जागी थिजला. 'अहो' कुणीही कुणालाही म्हणतं. दुकानदार म्हणतो, रस्त्यातला परका माणूस म्हणतो. पण हा 'अहो' तसा नव्हता. शेवटचा ओ थोडा लांबवलेला, त्यात थोडा राग, थोडी माया. जगात एकच बाई त्याला अशी हाक मारत होती. गेल्या तेरा दिवसांत ती त्याच्या कानावर पडली नव्हती, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

गावडेचा चेहरा लाल झाला. "माफ करा, बोराडे. मला माझंच समजत नाही. तुमची माझी धड ओळखसुद्धा नाही. पण सभेत बसलो असलो तरी मनात येतं, हे जेवले असतील का? औषध घेतलं असेल का?"

"गप बसा!" भागवत ओरडला आणि आत गेला.

"शालन, गुडघा फार दुखतोय."

तिने मान वर केली. नजर चांगली होती, शेजारणीची असते तशी. "मग दवाखान्यात दाखवून या ना. निळकंठ आलाय का?"

बायकोच्या मनात गावडे किती शिरला, हेच तो इतके दिवस मोजत बसला होता. तिच्यातून काय वाहून गेलं, याचा त्याने हिशेबच धरला नव्हता. गावडेच्या घरी कुणी नव्हतं. माणसाची ओढ ठेवायची ती टाकी त्याच्याकडे कोरडी ठणठणीत होती, आणि पाणी जिथे कमी तिथेच धावतं. भागवतने हे जन्मभर पाहिलं होतं.

पंधराव्या दिवशी दुपारी तो हरकतीचा अर्ज पुढ्यात घेऊन झुलेखांसमोर बसला. सही केली की शालन पूर्वीची होणार होती. मग विधेयक मरणार होतं, आणि राखीव हौद दीड महिन्यात आटणार होता. पेन हातात होतं.

"शालनला विचारलंत?" त्याने झुलेखांना विचारलं.

"विचारलं. त्या म्हणाल्या, यजमानांना योग्य वाटेल ते करू दे."

"बस? एवढंच?"

"एवढंच. अगदी शांतपणे."

"आणि तो?"

"गावडे रडले, काका. म्हणाले, हे काढून घेतलंत तर मी पुन्हा रिकामा होईन."

भागवतने पेनाला टोपण लावलं.

दोन दिवसांनी सभागृहात विधेयकावर दोन सह्या झाल्या. चाळीस हजारांनी टाळ्या वाजवल्या. भागवत सज्जात बसला होता. मंचावरून दोघांचीही नजर वर आली, त्याला शोधत. गावडेला तो आधी सापडला. गावडेने हात हलवला. भागवतचाही हात, त्याने ठरवलं नव्हतं तरी, वर गेला.

इतक्यात गावडेच्या शेजारची एक तरुण सभासद काहीतरी बोलली. गावडे तिच्याकडे वळला, तिच्या खांद्यावर हात ठेवून मोकळं हसला आणि वर पाहायचं विसरून गेला. पलीकडे शालन खुशाल कुणाकुणाशी बोलत उभी होती. तिच्याकडे भागवतचं लक्षही नव्हतं. ती सभासद कोण, कुठली, गावडेला ती किती दिवसांपासून ओळखते, हे तो शेजारच्या माणसाला विचारत होता, आणि त्याच्या छातीत आग पडली होती.