ओला शेंदूर

"मावशी, थांब! तो देव नाहीये!"

उत्तरा ओरडेपर्यंत उशीर झाला होता. लतिकामावशीने डावीकडे फुटणाऱ्या वाटेच्या कडेच्या दगडाला बोटं लावली, ती कपाळाला टेकवली आणि हात जोडले.

उत्तराचा मित्र अमित पोट धरून हसला. "मावशी, ती ट्रेलची खूण आहे! माणसं चुकू नयेत म्हणून पार्कवाले केशरी पट्टे मारतात!"

"असू दे रे. वाट दाखवतो तो देवच," मावशी म्हणाली. ती वाईहून बहिणीकडे, अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरला आली होती. अंगावर इरकली लुगडं, पायांत उत्तराचे जुने स्नीकर्स!

१९८५ सालची उन्हाळ्याची सुट्टी होती. खाली नदीकाठी जुनं गाव, चर्चचा टोकदार मनोरा, दगडी पूल. आणि गावाभोवतीच्या टेकड्यांत दोनशे वर्षांच्या पायवाटा. उत्तराचे बाबा तर केव्हाच पुढे निघून गेले होते. "मी सिंहगड पळत चढायचो! लतिकाताई, तुम्ही या देवदर्शन करत!"

"मावशी, युअर फोरहेड!" उत्तराचा धाकटा भाऊ श्रीरंग किंचाळला.

मावशीच्या कपाळावर केशरी टिळा उमटला होता!

उत्तराचं हसू थिजलं. तिने दगडाला बोट लावलं. "पेंट ओला आहे. आणि ते बघ, उजवीकडचं झाड! साल ताजी तासलीय. खरी खूण तिथे होती!"

"म्हणजे वाट कोणीतरी फिरवलीय?" अमितने विचारलं. "पण का?"

"ते नंतर! बाबा डावीकडे गेलेत!"

तेवढ्यात डावीकडून काळीज चिरणारी किंकाळी आली. मागोमाग दगड गडगडत गेले.

सगळे धावले. झाडी संपली तिथे जमीनच संपली होती! जुनी दगडाची खाण. खाली एका कपारीत बाबा आडवे पडले होते. मांडीत धारदार कपची घुसलेली, पँट रक्ताने चिंब.

"बाबा!"

"उतरू नका... कडा सुटतोय..." बाबांचा आवाज विझत चालला होता.

मावशीने लुगड्याचा पदर टर्रकन फाडला, त्यात दगड गुंडाळून खाली टाकला. "विवेकराव, जखमेच्या वर आवळून बांधा! आणि झोपायचं नाही. मी ओवी म्हणते, तुम्ही हुंकार द्यायचा!"

तिने कड्यावर बसून सूर धरला:

"वाटेच्या वाटसरा, नको वाकडं पाऊल,
उंबऱ्याशी लेक, घेते तुझी चाहूल..."

"हूं," खालून आलं.

"उत्तरा, पळ! मदत आण! श्रीरंग, तू माझ्यापाशी!"

रेंजरची चौकी खऱ्या वाटेवर होती. उत्तरा आणि अमित उजवीकडे सुटले. मागून ओवी येत होती, आणि ओवीमागून हुंकार. तो ऐकू येतोय तोवर बाबा आहेत, एवढंच उत्तराला कळत होतं.

वळणावर अमित थबकला. "ओ माय गॉड!"

फांदीला दोन हरणं उलटी टांगलेली. गळे चिरलेले. पाचोळ्यात एक पाडस लोखंडी सापळ्यात पाय अडकून मरून पडलेलं. त्याच्याजवळ केशरी पेंटचा उघडा डबा आणि ओला ब्रश!

"शिकारबंदीच्या जंगलात चोरून शिकार!" उत्तरा कुजबुजली. "लोक इकडे फिरकू नयेत म्हणून त्यांना खाणीकडे पाठवलंय! मरू देत मेले तर!"

धाड!

गोळी अमितच्या कानाशेजारच्या खोडात घुसली. ढलपी उडून त्याचा गाल फाटला. झुडपातून एक धिप्पाड माणूस बंदूक घेऊन बाहेर आला.

"परत फिरा, पोरांनो! नाहीतर पुढची गोळी डोक्यात!"

"माझे बाबा खाणीत पडलेत! प्लीज, आम्हाला जाऊ द्या!"

"पडू देत!" तो गुरगुरला.

अमितने मुसंडी मारली. त्या माणसाने त्याची मानगूट धरली आणि बंदुकीचा दस्ता खांद्यावर हाणला. कट्कन आवाज झाला. अमित कळवळला, तरी त्याने त्या हाताला कडकडून चावा घेतला!

लांबून मावशीची ओवी आली. उत्तराने कान टवकारले.

हुंकार आला नाही.

तिने डबा उचलला आणि सगळा जोर लावून त्या माणसाच्या तोंडावर फेकला. डब्याची कड कपाळावर फाडकन बसली, रक्त आणि पेंट एकदमच डोळ्यांत उतरलं!

"माय आईज!" आंधळ्यासारखा तो मागे सरला. बंदुकीची गोळी आभाळात उडाली: धाड! आणखी एक पाऊल मागे, आणि...

खटाक!

त्याच्याच हाताने पाचोळ्याखाली दडवलेल्या दुसऱ्या सापळ्याचे दात त्याच्या पोटरीत रुतले. तो गुरासारखा ओरडत कोसळला. उत्तराने बंदूक लाथेने घळीत ढकलली.

"अमित, चालता येतंय?"

"हात मोडलाय, पाय नाही! चल यार!"

पण धावावं लागलंच नाही. गोळ्यांचे आवाज ऐकून रेंजरबाई दोर आणि वायरलेस घेऊन समोरूनच पळत येत होत्या!

ते कड्यावर पोचले तेव्हा मावशीचा घसा बसला होता. ओवी नव्हती उरली, नुसती धाप. तरी ती थांबली नव्हती.

"...लेक... घेते... तुझी चाहूल..."

"बाबा!" उत्तरा जिवाच्या आकांताने ओरडली. "मी आले!"

क्षणभर नुसता वारा. मग कपारीतून, अगदी बारीक:

"हूं."

शाळा उघडायच्या आधी सगळे पुन्हा तिथे गेले. अमितचा हात प्लॅस्टरमध्ये, बाबा कुबड्यांवर. शिकारी तुरुंगात होता. रेंजरबाईंनी तिन्ही मुलांच्या पाठी थोपटल्या आणि त्यांच्या हातांत ब्रश दिले. "खऱ्या वाटेवरच्या खुणा तुम्हीच रंगवा. हा मान तुमचा! आणि ज्यांच्या कपाळामुळे सगळं कळलं, त्या बाई कुठे आहेत?"

मावशी लाजली.

मुलांनी तो दगड आणून उजव्या वाटेवर बसवला, त्यावर पट्टा ओढला. सगळे पुढे निघाले. मागे वळून पाहतात तर बाबा कुबडीवर रेलून वाकलेले, बोटं दगडावर, मग कपाळावर!

"काय हो विवेकराव?" मावशीने हाक दिली. "देवदर्शन?"

"छे! छे!" बाबा गडबडले. कपाळावर केशरी टिळा चमकत होता. "पेंट वाळलाय का, ते बघत होतो!"